आठव्या गाठीखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. अमेरिकेत केंटकीतल्या व्हर्लन गवंड्याने माझ्या भरवशावर तीस वर्षं भिंती बांधल्या. त्याचे गुडघे गेले आणि काम सुटलं, तेव्हा त्याच्या बायकोने, इमोजीनने, माझ्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि मला तळ्यात सोडलं.

नाताळ संपला की लोक सजवलेली झाडं बाहेर टाकतात. ती दोघं ती गोळा करत आणि सिमेंटचे ठोकळे बांधून तळ्यात बुडवत. वसंतात डॉगवूडचं झाड पांढरं फुललं की क्रॅपी मासे काठाकडे निघतात आणि वाटेत अशा फांद्यांत थांबतात. मासे धरायची आपली जागा कुणाला दाखवायची नाही, ही तिथली रीत. इमोजीन काठावरच्या खुणा जुळवून मला सोडी. आठव्या गाठीला मी फांदीला टेकलो की तिच्या बोटांना कळे.

व्हर्लन वल्ही मारी. वल्हवणाऱ्याची पाठ होडी जाते त्या दिशेला असते. त्याला फक्त समोरच्या फळीवर बसलेली इमोजीन दिसे.

"खुणा सांग की मलाही."

"सांगितल्या तर मला घरी ठेवून येशील. वल्हव गुमान."

गेल्या हिवाळ्यात इमोजीन वारली. डॉगवूड फुललं तसं व्हर्लनने मला खिळ्यावरून काढलं. तिची जागा त्याला शोधायची होती, आणि ती फुलं जेमतेम दोन आठवडे टिकतात. नऊ दिवस मी नुसता चिखलात रुतत होतो.

दहाव्या दिवशी तो दमून समोरच्या रिकाम्या फळीकडे बघत बसला. मग त्याला आठवलं. तिथे पोचल्यावर तिच्या डोक्यामागे पाण्याची टाकी दिसायची, आणि उजव्या कानाशी सायप्रसचं वठलेलं झाड. तो वल्हवत राहिला. दोन्ही तसे दिसू लागल्यावर त्याने मला सोडलं. आठव्या गाठीला मी टेकलो, आणि फांद्यांत अडकलो.

शेजारचा डर्विन होडीतून जात होता. "म्हाताऱ्या, काप ती दोरी."

व्हर्लनने दोरीच्या टोकाला दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधला आणि तो पाण्यावर सोडला.

"अरे, उद्या सगळं गाव इथे गळ टाकेल."

"टाकू दे. तिला माणसं आवडायची."

मी इथेच आहे. माझ्या अंगावर शेवाळ चढलंय. व्हर्लन वर होडीत येऊन बसतो, गळ टाकत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाला काय विचारायचं ते वेळेत विचारा. ते राहिलंच, तर निदान त्याच्याकडे नीट बघून ठेवा.