रिटर्नच्या खालचं गाव

उज्माची वेबसाइट केजच्या जीपस्टँडवर लागली आणि तिचं लई कौतुक झालं. पण ते झालंच नाही असं धरून चला, उज्माही तसंच धरते.

स्टँडवरच्या टीव्हीवर कोणती जीप कुठं जाणार ते दाखवायचं होतं. चारपर्यंत जमलं नाही तर काम विजयसिंहला. तो स्टँडप्रमुख सुंदररावांचा पुतण्या, आणि त्याची वेबसाइट म्हणजे खडूनं लिहिलेला पत्रा. उज्मा जावास्क्रिप्ट लिहायची, पण ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायची नाही. ओळ संपलेली मशीनला आपसूक कळते, असं तिनं वाचलं होतं.

टीव्हीवर धारूरच्या जागी आलं: अनडिफाइंड.

"हे कोणीकडं आलं, पोरी?" सुंदररावांनी विचारलं.

"काका, ते म्हणजे... काहीच नाही."

"काहीच न्हाई, तर जीप जाती कावून?"

उज्मानं कोड पाहिला. तिनं 'रिटर्न', म्हणजे 'पुढं लिहिलेलं घेऊन परत जा', असं लिहून एंटर दाबलं होतं आणि धारूर खालच्या ओळीत घेतलं होतं, नेटकं दिसावं म्हणून. मशीननं रिटर्नपाशीच ओळ संपली असं समजून घेतलं. म्हणजे एकही सीट न भरता ड्रायव्हर निघाला! केजात असं कधी घडलं नव्हतं.

तिनं धारूर वर घेतलं. मग पुढची ओळ कंसानं सुरू होते म्हणून मशीननं ती मागच्या ओळीला चिकटवली आणि टीव्ही कोरा. नेटवर उपाय होता: कंसाच्या आधी अर्धविराम द्या. म्हणजे वाक्य सुरू व्हायच्या आधीच संपवायचं? उज्माचं डोकं चालेना. पावणेचार झाले होते. तिनं आधीचाच कोड परत टाकला, निदान काहीतरी दिसेल.

तेवढ्यात कौशल्याबाई पिशव्या घेऊन ड्रायव्हर अंगदकडं आल्या.

"अनडिफाइंडला दोन शीटं धर रे अंगद."

"मावशी, असं गावच नाही," उज्मा म्हणाली.

"आसंल की. मला कुठं शेवटपोत जायचंय, मी मधीच उतरीन."

हे ऐकून आणखी नऊ जण बसले. अंगदची जीप गेली आणि साडेपाचला तिकडून भरून आली. कुठून, ते त्याला कुणी विचारलं नाही.

सुंदररावांनी उज्माला नारळ दिला. "लई भारी रूट काढलास. आता त्या कोडला हात लावायचा न्हाई, लावला तर काम विजयसिंहला."

कोड बदलता येत नव्हता आणि चूक बघवत नव्हती. दुसऱ्या दिवशी उज्मा अर्ज घेऊन तहसीलला गेली:

"उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, 'रिटर्न'च्या खालची ओळ ही रिटर्नच्याच ओळीचा भाग समजण्यात यावी, असे आदेश केज तालुक्याच्या हद्दीतील सर्व संगणकांना आपल्या स्तरावरून तात्काळ व्हावेत, ही नम्र विनंती."