कूलरवरची कविता

प्रणोती गजभियेचं पुस्तक बाहेर यायला आणि तिच्या वर्गातली हर्षा रामटेके जायला एकच उन्हाळा लागला.

प्रणोती जबलपूरच्या वेशीबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात सृजनात्मक लेखन शिकवायची. शिकवायची हिंदीत, लिहायची मराठीत. तिचे वडील नारायणराव तरुणपणी भंडाऱ्याकडून इथं आले आणि रिछाईतल्या एका छोट्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. पेन्शन नव्हती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रणोतीचं लग्न आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं होतं. जबलपुरातल्या अधारतालच्या घरात आता बापलेकच. त्यात नारायणरावांच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं, आणि त्याचा सगळा भार विद्यापीठाच्या विम्यावर येऊन पडला. नोकरी कंत्राटी होती. दरवर्षी मे महिन्यात कागदावर नवी सही व्हायची, ती झाली तरच पुढचं वर्ष.

कविता उरलेल्या वेळात. पोरांच्या वह्या तपासून झाल्या की, डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर, भाजी शिजेपर्यंत. दोन संग्रह आले होते, तिसरा नागपूरच्या रत्नाकररावांकडे कधीचा पडून होता. रत्नाकरराव जुन्या वळणाचे प्रकाशक. त्यांनी एप्रिलमध्ये एकदाची प्रुफं पाठवली आणि मागे तगादा लावला. "मॅडम, या आठवड्यात प्रुफं परत आली नाहीत तर मी दुसरं पुस्तक मशीनवर चढवतो. मग तुमचं दिवाळीनंतर."

म्हणून त्या दिवशी ती प्रुफं घेऊनच वर्गात बसली. पोरं एकेक करून कविता वाचत होती, आणि प्रणोती हजेरीच्या रजिस्टरखाली प्रुफं ठेवून ऱ्हस्व-दीर्घ बघत होती. एक कान पोरांकडे होता. एवढी वर्षं शिकवल्यावर एका कानानंही काम भागतं, असा तिचा अनुभव होता.

हर्षा उठली. बालाघाटकडची पोरगी, घरी मराठी बोलणारी, त्यामुळे प्रणोतीशी जरा जास्त मोकळी. तास संपल्यावर मागे रेंगाळायची, "मॅम, मी लिहून आणलं, पाहून घ्या न," म्हणायची. तिनं हिंदीत वाचलं:

"पानी भरना हो तो चप्पल पहनकर आना,
हमारे हॉस्टल का कूलर हाथ पकड़ लेता है।"

पुढेही काही ओळी होत्या. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा अनुपम म्हणाला, "किसका हाथ पकड़ा, बता तो!" पुन्हा हशा.

प्रणोतीनं मान वर केली. "दूसरी पंक्ति बहुत अच्छी है," ती म्हणाली. "पहली काट दो. नोटिस बोर्ड जैसी लगती है. कविता चेतावनी नहीं देती, हर्षा."

हर्षानं मान डोलावली आणि पहिल्या ओळीवर काट मारली. प्रणोतीनं प्रुफाचं पान उलटलं. त्याच संध्याकाळी तिनं प्रुफं नागपूरला रवाना केली आणि घरी येताना बापासाठी चिकू घेतले. तिला फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी अंघोळ करून हर्षा हॉस्टेलच्या पाण्याच्या कूलरवर बाटली भरायला गेली. पाय ओले होते, चप्पल खोलीतच राहिली होती. कूलरचा नळ तिनं धरला तो सुटलाच नाही. मागे उभ्या असलेल्या पोरींनी आरडाओरडा केला, कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तोवर सगळं आटोपलं होतं. दवाखान्यात नेलं ते नुसतं डॉक्टरांच्या तोंडून 'गेली' ऐकायला.

प्रणोतीला बसमध्येच फोन आला. ती विद्यापीठात पोचली तेव्हा कूलर हलवलेला होता. भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन उरला होता आणि एक माणूस तिथं फरशी पुसत होता. ती तिथंच उभी राहिली. चप्पल पहनकर आना. ती ओळ तिनं स्वतःच्या तोंडानं काढायला लावली होती.

कूलरला करंट येतो म्हणून पोरी वॉर्डनला अनेकदा सांगून थकल्या होत्या. तोंडी सगळं, लेखी काही नव्हतं. पोलिसांत नोंद झाली, विद्यापीठानं स्वतःची चौकशी समिती नेमली. समितीपुढं वॉर्डन म्हणाली, मला कुणी काही सांगितलं नाही. मग कुठल्यातरी पोरीनं वर्गातल्या कवितेचं सांगितलं, आणि समितीचं बोलावणं प्रणोतीला आलं.

त्याआधी विभागप्रमुख शुक्ला सरांनी तिला आपल्या खोलीत बसवलं. सर वाईट माणूस नव्हते. तिच्या वडिलांची चौकशी करायचे, डायलिसिसच्या दिवशी तिचा तास दुसऱ्याला द्यायचे. त्यांनी चहा मागवला.

"देखिए प्रणोती जी, आपके क्लास में बच्चे क्या-क्या नहीं लिखते. कोई मरता है, कोई भूत देखता है, कोई पुल से कूदता है. सबकी रिपोर्ट करेंगी आप? वह क्लास कल्पना की है. आप बस इतना ही कहिए."

"सर, पण तिनं..." प्रणोती मराठीत बोलून गेली. मग हिंदीत म्हणाली, "उसने जो लिखा था, वह सच था."

"यह आपको आज मालूम है. उस दिन मालूम था?" सरांनी कप तिच्याकडे सरकवला. "मई आ रहा है. पिताजी का भी सोचिए."

समितीपुढं ती उभी राहिली. तिला विचारलं, त्या कवितेवरून तुम्हाला काही धोका वाटला होता का? प्रणोती म्हणाली, "वर्गात जे वाचलं जातं ते आम्ही कल्पना म्हणूनच घेतो." म्हणाली हिंदीत, स्वच्छ आवाजात. लिहून घेणाऱ्यानं लिहून घेतलं.

घरी तिनं बापाला सगळं सांगितलं. नारायणराव खाटेवर उशीला टेकून ऐकत होते. त्यांचा फिस्टुलाचा, डायलिसिसच्या सुया टोचायचा हात पांढऱ्या पट्टीत होता.

"बाबा, मी खोटं बोलून आली."

"खोटं काहून? तू काय कूलरचा वायर उघडा केला होता?"

"तिनं सांगितलं होतं मला. सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं. मी प्रुफं पाहून राहिली होती."

नारायणरावांनी पट्टीचा सुटलेला कोपरा चापून बसवला. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरगी तर गेली न बाई. आता तू काई बोलशील तर येनार हाय का? चूप राह. माझ्यासाठी राह." आणि त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. ज्या माणसानं तिला शिकवताना ओव्हरटाइम करून करून हाडं झिजवली, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं होतं. ती गप्प बसली.

मे महिन्यात सही झाली. त्याच सुमारास पुस्तकाच्या प्रती आल्या. मुखपृष्ठ सुरेख होतं. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात चांगलं लिहून आलं, 'साध्या माणसाच्या वेदनेशी इमान राखणारी कविता' असं काहीसं. रत्नाकरराव फोनवर खूश होते. विद्यापीठानं आपल्या संकेतस्थळावर तिचा फोटो टाकला, शुक्ला सरांनी शाल दिली. प्रणोतीनं प्रतींचं पुडकं उघडलं, एक प्रत काढून चाळली, आणि पुडकं पलंगाखाली सरकवलं. त्यातल्या एकाही ओळीत चूक नव्हती. प्रुफं तिनं फार मन लावून पाहिली होती.

नवीन सत्रात तीच पोरं पुढच्या वर्षात आली, पण वर्ग बदलला होता. कविता येत होत्या. पावसावर, आईच्या हातावर, तिरंग्यावर. नीटनेटक्या, कुणाचं काही न बिघडवणाऱ्या. प्रणोती म्हणायची, "थोडा अपने आसपास देखिए, जो सच में होता है वह लिखिए." पोरं वहीत बघत बसायची. एकदा अनुपम वाचून खाली बसता बसता म्हणाला, "मॅम, यह कल्पना है, हाँ. लिख लीजिए." कुणी हसलं नाही.

जुलैत हर्षाची आई अधारतालच्या घरी आली. इंदूबाई. बालाघाटहून येऊन जबलपुरातच खमरियात बहिणीकडे उतरली होती, पोलीस ठाण्यात खेटे घालत होती. बारीक, काळसर बाई, पदर घट्ट खोचलेला. गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं लॉकेट. नारायणराव आत झोपले होते. प्रणोतीनं पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं.

"मॅडम, तुमचं नाव ती लय घेत होती," इंदूबाई म्हणाली. "आपल्याकडची मॅडम हाय म्हने. मले एकच इचारायचं हाय. ते पोलीस म्हनतात, कोनी कम्प्लेंट केली नवती. तिच्या मैत्रीनी म्हनतात, तिनं कवितेत लिवलं होतं. खरं काय हाय?"

प्रणोतीच्या तोंडाशी ते तयार वाक्य आलं. ते बाहेर आलं नाही. त्याऐवजी तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या. मग पहिली ओळ कुणी काढायला सांगितली ते सांगितलं. मग समितीचं सांगितलं. काही झाकलं नाही. बोलताना तिचा आवाज कापत होता आणि तिला त्याची लाज वाटत होती, कारण कापायचा हक्क समोरच्या बाईचा होता.

इंदूबाईनं हातातलं पाणी खाली ठेवलं. रडली नाही.

"चप्पल घालून या म्हनत होती ती," ती शेवटी म्हणाली. "आनि तुमी म्हनलं, हे काटून टाक."

"हो."

"थाण्यात येऊन असंच सांगान?"

आतून नारायणरावांचा आवाज आला, "प्रणू, कोन आलं?" प्रणोतीनं दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "येते. चला."

"आता?"

"आता नाही आले तर पुन्हा यायची नाही मी."

ती चप्पल घालत होती तेव्हा नारायणराव भिंत धरून दारात आले. त्यांनी इंदूबाईला पाहिलं आणि समजायचं ते समजले. "बाई, तिले नको नेऊ," ते इंदूबाईला म्हणाले. "माहा अर्धा जीव त्या मशीनवर हाय." इंदूबाईनं त्यांना नमस्कार केला, "जय भीम, भाऊ," म्हणाली, आणि पायरीखाली जाऊन उभी राहिली. तिनं आग्रह केला नाही. प्रणोती बापाला खाटेवर बसवून, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून तिच्या मागोमाग गेली.

ठाण्यात साहेब जेवायला गेले होते. दोघी बाकावर बसून राहिल्या. साहेब आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन बोटांत फिरवत राहिले.

"मॅडम, कविता सबूत थोड़ी होती है," ते म्हणाले. "लिखी हुई है?"

"वही विद्यापीठानं तिच्या सामानाबरोबर घेतली. पण सगळ्या वर्गानं ऐकली. मी ऐकली," प्रणोती हिंदीत म्हणाली.

"और कमिटी में आपने कुछ और कहा था. मतलब एक बार झूठ बोला. कब बोला, यह कोर्ट तय करेगी." ते तिरकस नव्हते, नुसते थकलेले होते. "क्लास के दो-चार बच्चे ले आइए."

जबाब त्यांनी लिहून घेतला. प्रणोतीनं सही केली. त्याच बाकावर बसून तिनं अनुपमला फोन लावला.

"मॅम, मेरा आख़िरी साल है," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आप बोलीं, अच्छा किया. मैं नहीं बोल पाऊँगा." मग त्यानं फोन ठेवला. इतरांनी फोन उचललेच नाहीत. कुणी का उचलावा, हे प्रणोतीला चांगलं कळत होतं. ती स्वतःही जुलैपर्यंत तशीच तर वागली होती.

ऑगस्टमध्ये विद्यापीठानं कळवलं की समितीपुढं आणि पोलिसांपुढं परस्परविरोधी विधानं केल्यामुळे तिची सेवा संपुष्टात आणत आहोत. शुक्ला सरांचा फोन आला नाही. विमा गेला. नारायणरावांचं डायलिसिस सरकारी दवाखान्यात सुरू झालं. तिथली रांग लांब, मशीन कधी बंद, कधी चालू. एका खेपेचं डायलिसिस चुकलं, मग आणखी एक. त्यांच्या पायांवर सूज चढली. ते तिला रागावले नाहीत, फक्त बोलणं कमी केलं. चमच्यानं पेज भरवताना ते भिंतीकडे नजर लावून तोंड उघडायचे.

रत्नाकररावांनी एकदा विचारलं, "मॅडम, नवीन काही? आता तर वेळच वेळ असेल."

"नाही लिहून राहिली मी," ती म्हणाली, आणि दवाखान्यात रांगेत नंबर पुकारला म्हणून फोन ठेवला.

हर्षाच्या मृत्यूची केस अजून चालू आहे. तारखा पडतात. प्रत्येक तारखेला इंदूबाई बालाघाटहून येते आणि प्रणोती अधारतालहून. कोर्टाच्या आवारात दोघी वेगवेगळ्या झाडांखाली उभ्या राहतात. गेल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख पुकारल्यावर इंदूबाई प्रणोतीजवळ आली.

"भाऊ कसे हायत?" तिनं विचारलं.

"बरे नाहीत. दवाखान्यात आहेत."

इंदूबाईनं मान हलवली. पिशवीतून बालाघाटचे पेरू काढले, दोन प्रणोतीच्या हातात दिले. "त्यायले द्या," म्हणाली. प्रणोती सांगणार होती की किडनीच्या माणसाला पेरू चालत नाही. तिनं ते घेतले.

"मी तुमाले माफ नाई केलं," इंदूबाई म्हणाली. "पुढची तारीख दिवाळीनंतरची हाय. येजा मात्र."

"येईन," प्रणोती म्हणाली.

इंदूबाई स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोत बसली. प्रणोती फाटकापाशी उभी होती, हातात पेरू होते, आणि दवाखान्याचा फोन वाजत होता.