झुंबरबाईंची मापं

माणसाला नाद लागावा, पण तो पोट भरणारा लागावा. धुळ्याच्या पितांबरला लागला तो जुन्या भांड्यांचा. दहा वर्षं त्यानं थोरल्या मेहुण्याच्या, भाईदासच्या, स्टीलच्या दुकानात काढली. गावोगावच्या बाया घरातलं तांबं-पितळ मोडीत घालायच्या आणि बदल्यात चकचकीत स्टील न्यायच्या. मोडीतली भांडी हातोड्यानं चेपायची, हे पितांबरचं काम. नक्षीचा एखादा तांब्या चेपताना त्याचा जीव तीळ तीळ तुटायचा. शेवटी अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं आणि जुन्या वस्तू विकायची स्वतःची टपरी टाकली.

टपरी झाली, पण माल कुठून आणायचा? भाईदास असा रुसला की त्यानं मोडीतलं एक झाकणसुद्धा दिलं नाही. सहा महिने झाले तरी टपरीत एक मुका ग्रामोफोन, दोन अडकित्ते आणि मालक स्वतः, एवढंच काय ते जुनं होतं.

अशात पुण्याच्या एक बाई आल्या. त्यांना एका नव्या हॉटेलात मांडायला वस्तू हव्या होत्या. "वापरून वापरून काळ्या पडलेल्या हव्यात. घासूनपुसून ठेवलेलं काही दाखवू नका," असं बजावून त्या रविवारी येते म्हणून गेल्या. पितांबर हरखून घरी सांगायला गेला, तर बायकोनं, सुनंदाबाईनं, निकालच सुनावला. "रविवारी त्या रिकाम्या हातानं गेल्या, तर सोमवारी तुम्ही दादाच्या दुकानात जायचं." तिचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

बुधवारी सायकल हाणत तो जवळच्या कापडणे गावाला गेला. तिथं झुंबरबाई नावाच्या म्हातारीच्या न्हाणीत त्याला घंगाळ दिसलं. जाड कड्यांचं, वर तीन पिढ्यांच्या धुराचा थर. सायकलवर ते मावणारं नव्हतं. भाव ठरवून, शनिवारी रिक्षा घेऊन येतो असं सांगून तो शीळ घालत परतला.

शनिवारी येऊन बघतो तर ओट्यावर घंगाळ असं लखलखत होतं, की त्यात तोंड पाहून दाढी करावी. झुंबरबाईंनी सुनेला आणि शेजारणीला जुंपून, चिंच आणि विटेची भुकटी लावून दोन दिवस ते घासलं होतं. त्यांची बोटं चिंचेनं पांढरी पडली होती.

"परकाना घर जाई ऱ्हायनं, भाऊ," त्या कौतुकानं म्हणाल्या. "मळेल कसं धाडू? लोके मनी सासूले नावं ठेवतीन."

पितांबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नजर त्या बोटांवर गेली. "फार छान उजळलंय, अक्का," असं म्हणून त्यानं ठरलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले. शब्द दिला होता, तो पाळला. आता सोमवारी हातोडा काही चुकत नाही, हे त्यानं मनाशी धरलं.

त्यानं घंगाळ उचललं तशी झुंबरबाई आडव्या आल्या. "रिकामं भांडं उंबराबाहेर देतस का कोन्ही? थांब." सुनेनं शेंगांचं पोतं ओढत आणलं आणि झुंबरबाई माप भरभरून शेंगा घंगाळात ओतू लागल्या. पितांबरला कधी एकदा निघतो असं झालं होतं. पण तिसऱ्या मापाला त्याची नजर त्या मापावर गेली आणि तिथंच खिळली. लाकडी माप, पितळी पट्ट्यांचं, हातांच्या ओशटपणानं शाळिग्रामासारखं काळंभोर झालेलं.

"अक्का, हे घासत नाही का तुम्ही?" त्यानं भीत भीत विचारलं.

"मापले पानी लावतस का?" झुंबरबाईंना त्याच्या अडाणीपणाची कीव आली. "दाणाले कीड लागस. मनी सासूना आगोदरनं शे हाई. पायली, शेर, मापटं, चिपटं, बठ्ठं तसंच शे."

पितांबरनं चारही मापं मागितली आणि घंगाळाएवढेच पैसे देऊ केले. झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "काळं लाकूड! ली जा. पन मी दाणा कसामा मोजू?"

"मंगळवारी चार स्टीलचे डबे आणून देतो," तो म्हणाला आणि सौदा पटला. घंगाळ तेवढं घरी गेलं. ते खास आपल्यासाठीच आणलंय असं सुनंदाबाईला वाटलं, आणि पितांबरनंही तसंच वाटू दिलं. कबूल केलेल्या चार डब्यांचं मात्र त्यानं तिला सांगून टाकलं.

रविवारी पुण्याच्या बाईंनी एकेक माप हातात घेऊन बराच वेळ फिरवलं, आतून हुंगून पाहिलं. मग चारही मापं घेतली, आणि हॉटेलच्या बारा खोल्यांसाठी असाच माल दिवाळीपर्यंत गोळा करायला सांगितलं. पितांबरचा डबा घेऊन आलेली सुनंदाबाई बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती.  पितांबर आनंदात उगाच अडकित्ते पुसत बसला.

पुण्याच्या बाई गेल्या आणि पाठोपाठ भाईदास आला. सोमवारचं त्याच्या कानावर होतंच. "काय मग पाहुणे, उद्या नऊ वाजता या," तो म्हणाला.

पितांबरनं तोंड उघडलं, पण सुनंदाबाई आधी बोलली.

"येतील ना, दादा. गिऱ्हाईक म्हणून येतील. झाकणाचे चार डबे चांगले बघून काढून ठेव. आणि मोड चेपायला दुसरा माणूस बघ, यांना आता वेळ नाही."