कुलूप काढलेला मदरबोर्ड

मी संगणकातला एक जुना मदरबोर्ड आहे आणि खरे सांगायचे तर मला माणसांचा वीट आला आहे. सध्या शहराच्या छावणी भागात एका भंगारवाल्याच्या पोत्यात पडलो आहे. अंगावर फुटके रिमोट आणि खाली कुणाचा तरी गुटख्याने माखलेला कीबोर्ड. शी! पण मित्रांनो, याहून जास्त किळस मला एका निळ्याशार तलावाची येते.

कारखान्यात मला घडवले तेव्हाच प्रोसेसरचा वेग ठरल्यापेक्षा वाढवण्याची सोय माझ्यात ठेवली नव्हती. प्रोसेसरला वीज पुरवणारे माझे भाग लहान, त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टीही नाही. यात लाज कसली? ज्याची त्याची कुवत असते. पुस्तिकेत ते लिहिले होते, पण पुस्तिका वाचतो कोण?

मला बद्रीनाथने घेतले. तो शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत राहून बिल्डरांना न बांधलेल्या इमारतींची चित्रे करून द्यायचा. दुकानदाराने वेग वाढवता येणारा भारी प्रोसेसर आणि त्याला न शोभणारा मी, अशी जोडी त्याच्या गळ्यात मारली. तरी तीन वर्षे मी इमानाने राबलो. "लई गुणाचं मशीन हाय," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

मग २०१६ चा उन्हाळा आला. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा, रविवारी यायचा. दारात एक निळा ड्रम होता. बद्रीनाथची बायको मोनिका त्यातले पाणी तांब्यातांब्याने मोजून काढायची. नेमके तेव्हाच एका बिल्डरला शनिवारपर्यंत त्याच्या सोसायटीचे चलचित्र हवे होते. त्यात पोहण्याचा तलाव, आणि तलावात लाटा! मला तेव्हाच शिसारी आली होती.

काम सरेना. गुरुवारी मोनिकाचा भाऊ इंद्रजीत आला. संगणकाच्या उघड्या डब्यात डोकावून म्हणाला, "दाजी, प्रोसेसर पळाया तयार हाय, ह्यो बोर्डच आडवा येतोय. जुना प्रोग्राम टाकला की ह्याचं वेगावरचं कुलूप निघतंय बघा."

"टाक मग," बद्रीनाथ म्हणाला. मला कुणी विचारले नाही.

वेग वाढला आणि माझे अंग भाजू लागले. तेव्हा या शहाण्यांनी कूलर ओढून माझ्यासमोर लावला आणि त्यात ड्रममधले पाणी ओतले.

"अहो, प्यायचं पाणी हाय ते! टँकर रविवारी येणार," मोनिका ओरडली.

"दोनच घागरी तर लागतील. गप बस जरा."

दोन घागरींच्या दहा झाल्या. कूलरच्या ओल्या वाऱ्याने माझ्यावर पांढरे क्षार साचले. शुक्रवारी मोनिका ड्रमच्या तळाला तांब्या खरवडत होती आणि मी आत तलावाच्या लाटा रंगवत होतो. स्वतःचीच घाण वाटली मला.

शनिवारी सकाळी माझे वीज देणारे भाग फुटले. जळका वास घरभर पसरला. चलचित्र अर्धेच राहिले. "भिकार बोर्ड!" म्हणून बद्रीनाथने मला शिवी दिली. इंद्रजीतने चपला घातल्या आणि काढता पाय घेतला.

 मोनिकाने कूलर कलता केला, तळाचे पाणी फडक्यातून गाळले आणि पेला भरून नवऱ्यापुढे ठेवला. पिवळट पाणी, कुजक्या गवताचा वास, वर एक मेलेला डास.

"प्या," ती म्हणाली. "आता घरात एवढंच हाय."

बद्रीनाथने पेला बाजूला सारला. मग कॅन उचलून तो भर उन्हात शेजाऱ्यांच्या दारोदार पाणी मागायला गेला.

मित्रांनो, एखादी वस्तू 'नाही' म्हणते, तेव्हा तिचे ऐकत जा. माझ्यावरचे क्षाराचे डाग अजून गेलेले नाहीत. ते मोनिकाच्या ड्रमातले पाणी आहे. मला ते नको होते.