व्हर्लीनसाठी सोडलेली जागा

शनिवारी दुपारी व्हर्लीनच्या क्लबात पाऊल टाकताच एझेल टार्पलीचं डोकं फिरलं. मिसिसिपीतल्या त्या गावातल्या ज्या लोकांनी जन्मभर त्याला गाण्याची एक ओळ धड पुरी करू दिली नव्हती, ते आज इस्त्रीचे शर्ट घालून गप्प बसले होते, लस टोचायला आणलेल्या पोरांसारखे. पंखे बंद, मासे तळायची कढई थंड. दारावर कागद चिकटवलेला: गाणं चालू असताना कुणी बोलू नये.

कागद लावणारा प्रेस्टन न्यूयॉर्कहून आला होता. म्हाताऱ्या एझेलची पहिलीवहिली तबकडी तो इथंच, लोकांसमोर, काढणार होता. त्याला म्हणे शुद्ध ब्लूजची गाणी हवी होती. 'शुद्ध' हा शब्द एझेलनं आजवर फक्त चोरट्या दारूबद्दल ऐकला होता, आणि तिथंही तो खोटाच निघायचा.

एझेलनं गिटार मांडीवर घेतली आणि आपलं नेहमीचं गाणं सुरू केलं.

"मंगळवारी गेली बाई, दार उघडं टाकून..."

इथं तो थांबायचा. ही जागा व्हर्लीनची. ती एके काळची त्याची बायको. दर शनिवारी गल्ल्यामागून ती ओरडायची की मी गेले नाही, तुला हाकललं. लोक खिदळायचे आणि मग गाणं पुढं जायचं. तिचं उत्तर नसेल तर गाणं साफ खोटं होतं. तबकडीवर ते तसंच गेलं, तर तीच घर सोडून पळाली असं जग कायमचं समजणार होतं.

व्हर्लीन ग्लास पुसत राहिली.

एझेलनं ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा जागा सोडली. कुणीतरी खोकलं. प्रेस्टननं नुसतं वळून पाहिलं, तर ज्याचं हसणं दोन शेतं पलीकडं ऐकू जायचं त्या ओटिसनं तोंडात रुमाल कोंबला. एझेलला त्याची कीव आली, आणि कीव पुरेना म्हणून किळसही.

त्यानं तळहातानं तारा दाबल्या. "व्हर्लीन, कोण गेलं होतं?"

"मला बोलायची बंदी आहे. दारावर वाच."

"दार तुझंच ना?"

"माझंच. म्हणून तर तुला त्यातून बाहेर काढता आलं."

सगळा क्लब खो खो हसत सुटला. ओटिसचा रुमाल तर टेबलापलीकडं उडाला. त्या हशातच एझेलनं पायाचा ठेका धरला आणि गाणं शेवटापर्यंत पळवत नेलं.

प्रेस्टननं हेडफोन काढले. फार छान झालं म्हणाला, पण आता एकदा हसण्याशिवाय, आणि त्या बाईंशिवाय.

एझेल तारा सैल करू लागला. लहान पोराला बेरीज समजवावी तसा सावकाश म्हणाला, "बाळा, अर्धं गाणं तिचं आहे. माझं तेवढं नेलंस, तर तबकडीवर एक म्हातारा स्वतःशीच बडबडताना ऐकू येईल. तसे तुमच्या न्यूयॉर्कात फुकट मिळत असतील."

आणि त्यानं गिटार पेटीत ठेवली. प्रेस्टनकडं दुसरं काही नव्हतं. जे होतं तेच त्याला तबकडीवर छापावं लागलं.

तबकडी आली तेव्हा व्हर्लीननं ती गल्ल्यामागं उभं राहून शेवटपर्यंत ऐकली. एझेल तिच्या तोंडाकडं बघत होता.

"तुझी गिटार फार मोठ्यानं वाजतेय," ती म्हणाली. "माझं नीट ऐकू येत नाही."