बिनहाताची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मला हात नाहीत. मोडून पडलेत असं समजू नका, ते मुळातच लावलेले नाहीत. शिवताना कोपर आपटू नये म्हणून टेलरमास्तरांनी सुताराला तशी ताकीदच दिली होती. घाईत माझा मागचा एक पाय नखभर आखूड राहिला. मास्तरांनी त्याखाली कापडाच्या चिंधीची घडी चिकटवली आणि मी डुगडुगायची थांबले. त्या दिवसापासून आमची जोडी जमली.

अडतीस वर्षं मी त्यांच्या मशीनपुढे होते. कोऱ्या कापडाचा वास, इस्त्रीची वाफ, मशीनचा खडखडाट, सगळं अजून आठवतं. मास्तर शब्दाला पक्के होते. दिलेल्या तारखेला कपडा तयार म्हणजे तयार! मात्र आठवडाभर गप्पा छाटून शेवटच्या दिवशी एका बैठकीत सगळं उरकायची त्यांना खोड होती. लोक त्यांच्या हाताची तारीफ करत आणि मला वाटे, त्यात थोडा वाटा माझाही आहे.

दुकान आवरल्यावर मास्तर रोज आपल्या ताईकडे चहाला जात. ताई पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहायची. सत्तावीस पायऱ्या होत्या. सत्तरी आली, डोळे दमले, दुकान बंद झालं आणि मी मास्तरांच्या घरी आले. पाठोपाठ गुडघ्यांनीही असहकार पुकारला. एकदा मास्तर जिन्यात मध्येच अडकले, तेव्हा शेजाऱ्यांनी धरून खाली आणलं. त्यानंतर ते रस्त्यावर उभे राहून वर ओरडायचे आणि ताई खिडकीतून "काय म्हणालास?" विचारायची. अर्ध्या गप्पा गाड्यांच्या आवाजातच जायच्या. मग ताई घरात पडली, अंथरुणाला खिळली आणि ती खिडकीही मिटली. मला फार अपराधी वाटे. इतकी वर्षं मीच तर त्यांना बसवून ठेवलं होतं.

मास्तरांच्या बायकोने व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंना घरी बोलावलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काका, हिच्यावरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. रोज दहा वेळा. काकू, तुम्ही त्यांना ओढून उठवायचं नाही. नुसतं समोर थांबा. मी शनिवारी येते."

झालं! मास्तरांच्या डोक्यात शनिवार ही तारीख बसली. सहा दिवस त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बाह्या सरसावून ते एकदम सत्तर उठाबशा काढायला बसले. एकतिसाव्याला कळ आली आणि शनिवारी बाई आल्या तेव्हा स्वारी पलंगावर कण्हत होती.

"रोज म्हणजे रोज, काका," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"आमच्या धंद्यात तारखेला माल तयार पाहिजे. मधे कधी शिवला, ते कोण विचारतं?"

"गुडघा म्हणजे सदरा नव्हे, एका बैठकीत उरकायला!"

मास्तर रुसले. व्यायाम सुटला. माझ्यावर आधी एक टॉवेल आला, मग शाल, मग इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. चार महिने मी त्या ढिगाखाली होते. दुकानातली खुर्ची मी, माझी खुंटी झाली. खूप वाईट वाटलं, मित्रांनो.

एका सकाळी ताईची सून आली. तिच्या हातात ताईचा निळा ब्लाउज होता, मास्तरांनीच दोन वर्षांपूर्वी शिवलेला. "मामा, आईंना हा फार ढगळ होतोय. खांद्यावरून उतरतो. जरा आत घ्याल का?" तिने नवी मापं कागदावर लिहून आणली होती.

मास्तरांनी ब्लाउज पसरला आणि टेप लावला. पुन्हा एकदा लावला. चार बोटं! आपली ताई चार बोटं आटली होती, आणि ते त्यांना टेपवरून कळत होतं.

"कधी नेऊ?" सुनेने विचारलं.

"तारीख नाही सांगत," मास्तर म्हणाले. "पण मीच घेऊन येईन."

तारीख न सांगता त्यांनी काम घेतल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सून गेल्यावर त्यांनी माझ्यावरचा ढीग उचलून पलंगावर फेकला.

पहिल्या दिवशी बुडाखाली दोन उशा घेऊन तीनदा उठणं झालं. काकू भाजी निवडत मोठ्याने मोजायच्या. त्यांचे हात सारखे पुढे यायचे आणि त्या ते पदराखाली दडवायच्या. व्यायाम झाला की मास्तर कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने माझ्या पाठीवर एक रेघ ओढत. मध्ये ताप आला आणि आठवडा बुडाला. मला धास्ती वाटली, पुन्हा टॉवेल येतो की काय! पण आठव्या दिवशी ते मुकाट्याने पुन्हा तिनापासून सुरू झाले. एक उशी गेली, मग दुसरी गेली. माझी पाठ निळी झाली.

आणि एके दिवशी ब्लाउज काखेत मारून मास्तर निघाले. दिवस कलता कलता परतले ते लहान मुलासारखे हसतच. जिन्यात दोनदा थांबले, पण पोचले. ताई म्हणाली होती, "बारक्या, किती उशीर हा? दुसरं गिऱ्हाईक कधीच पळालं असतं!" एवढं सांगताना मास्तरांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याकरवी मला ताईच्या खोलीत पोचवलं. काकूंनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "खुर्ची घरी राहिली की मीही घरीच बसेन. आता व्यायामाला वरच जावं लागेल."

तेव्हापासून मी इथे आहे. मास्तर रोज येतात, दहा वेळा उठतात, मग चहा होतो. ताई पडल्या पडल्या बघायची. एकदा म्हणाली, "मला नाही बाई जमायचं." मास्तरांनी तिला माझ्यावर बसवलं. ती उठू लागली, थरथरली. मास्तरांचे हात पुढे झाले, पण त्यांनी ते पाठीमागे बांधले आणि म्हटलं, "एक." ताई उभी राहिली! एकदाच. मग खडू मागून तिने माझ्या पाठीवर स्वतः रेघ ओढली, अगदी वाकडी.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपड्यांखाली दबलेली एखादी खुर्ची असेल. तिला मोकळी करा. घरातलं कुणी म्हातारं माणूस उठायला वेळ लावत असेल, तर लगेच ओढायला धावू नका. समोर थांबा, आणि मोजा.

त्या निळ्या ब्लाउजचं सांगायचं राहिलंच. आत घेताना मास्तरांनी जास्तीचं कापड कापलं नव्हतं, शिवणीत तसंच दाबून ठेवलं होतं. परवा माझ्यावर बसून त्यांनी ती शिवण उसवली. ताईला ब्लाउज दोन बोटं घट्ट होऊ लागला होता.