मेल्यावरचं हसू

अप्पाराव मरायचे तेव्हा बायाबापड्या पदरानं डोळे पुसायच्या. कुंभार पिंपळगावच्या जत्रेतल्या नाटकात पहिलं मरण झालं, मंग सिनेमात, मंग मालिकांत. कधी नायकाचा बाप, कधी गावचा पाटील. नाव कुणाला ठाऊक न्हाई, चेहरा मात्र घरोघरचा. एसटीत कुणीतरी हटकायचंच, "तुम्ही मागल्या महिन्यात मेल्ते ना?"

मरणाचा प्रसंग झाला की नटानं उठायचं अन् कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, ही त्या धंद्याची रीत. खोटं मरण अंगाला चिकटू नये म्हणून. अप्पाराव घरी आले की त्यांची बायको गोजरबाई आधी तेच विचारायची, "हसलात ना?"

यंदा लई दिवसांनी काम आलं. बदनापूरजवळ शूटिंग, अन् तिरडीवर निजायचं. प्रसंग झाला तोवर ऊन उतरलं, दिग्दर्शक तृप्तीनं सामान आवरायला सांगितलं. हसायचं राहिलं हे अप्पारावांना कळत होतं. पण म्हातारा खुळचट म्हणून पुढं बोलावणारच न्हाईत, या भेवानं ते गप बसले. घरी म्हणाले, "हसलो की. बिलकुल हसलो."

महिना सरायच्या आत गोजरबाईनं अंथरूण धरलं. जालन्याच्या डॉक्टरांनी पोटात जुनी गाठ सांगितली अन् घरी न्यायला सांगितलं. जुनी, हा शब्द अप्पारावांच्या कानात शिरलाच न्हाई. आपण झटकलं न्हाई ते मरण आपल्या मागं मागं घरी आलं, अन् दारात जी भेटली तिला धरून बसलं, एवढंच त्यांना दिसत होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "मला तुमचं ते हसू दाखवा. माझं राहू द्या. तुम्हाला काही न्हाई, एवढं बघून जाते."

चुकून कुठं एखादं हसू टिपलं गेलं असंल म्हणून त्यांनी तृप्तीला फोन लावला. तिनं सगळं चित्रण शोधलं, तसलं काही निघालं न्हाई. मंग अप्पाराव गोठ्यामागं कडुलिंबाखाली गेले, मोबाईल विटेला टेकवला अन् समोर उभे राहिले. राक्षसाच्या सोंगात ते हसले की लेकरं आईच्या कुशीत दडायची. आज जबडा उघडायचा, आत नुसती हवा. शेवटी कसंबसं एक हसू आलं, ते तसंच ओलं ओलं तिच्यापुढं नेलं.

गोजरबाईनं ते लई वेळ बघितलं.

"हा तर आपला लिंब दिसून राह्यला," ती म्हणाली.

अप्पारावांनी मान खाली घातली.

"म्हंजी ते मरण माझ्यावर आलं. तुमच्यावर न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग बराबर झालं."

अन् ती निवांत भिंतीकडं वळून निजली. मरणाऱ्याच्या उशाशी कसं बसावं, हात कुठं ठेवावा, आवाज कुठं तुटू द्यावा, हे अप्पारावांनी जन्मभर केलेलं. आज त्यातलं एकही आठवेना. हात मांडीवर उताणे पडून राहिले.